खाऱ्या वाऱ्यात टिकणारा खिशातला चाकू कसा निवडावा

कोकणात घरटी कोयता असतो, विळी असते, पान खाणारं कोणी असेल तर अडकित्ताही असतो. तरी दिवसभरात अशी कितीतरी कामं निघतात ज्यांना यातलं एकही हत्यार सोयीचं नाही. आंब्याच्या पेटीची सुतळी, खताच्या गोणीची शिवण, ठिबकची नळी, गळाची तंगूस, एसटीत बसल्यावर खायचा पेरू, कुरिअरचा खोका. मग दातांनी तोडा, किल्लीने फाडा, नाहीतर कोणाकडे ब्लेड आहे का ते विचारा. घडीचा एक चांगला चाकू खिशात असला की ही धावाधाव संपते.

पण किनाऱ्यावर राहणाऱ्याने हा चाकू निवडताना देशावरच्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. पुण्यात दहा वर्षं चकचकीत राहिलेलं पातं मालवणात एका पावसाळ्यात डागाळतं. इथे हवेत मीठ आहे, अंगाला सतत घाम आहे, आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून खाली सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत पहिला विचार गंजाचा आहे. धार, दिसणं आणि कंपनीचं नाव हे सगळं त्यानंतर.

आधी बघा, तुम्ही कापता काय

चार-आठ दिवस लक्ष ठेवा. हातात चाकू हवा होता असं कधी कधी वाटलं, ते आठवा. बहुतेकांची यादी दोरी, पिशवी, खोका, फळ आणि एखादी काडी तासणं इथेच संपते. या सगळ्याला सात-आठ सेंटिमीटरचं पातळ पातं भरपूर होतं.

जी कामं खिशातल्या चाकूची नाहीत, ती आताच बाजूला काढा. शहाळं सोलणं, झावळ तोडणं, कवळ तोडणं, बांधावरची झुडपं मारणं हे कोयत्याचं काम. गावचा लोहार गाडीच्या जुन्या पाट्यापासून जो कोयता घडवतो, त्याच्या वजनातच त्या कामाची अर्धी ताकद असते. घडीच्या चाकूची बिजागरी असा घाव सोसत नाही. खडकाला चिकटलेली कालवं काढायलाही चाकू वापरू नका. पात्याचं टोक मोडतं आणि मोडलेला तुकडा कुठे उडेल याचा नेम नसतो.

कलमं बांधणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. दापोली-वेंगुर्ल्याकडच्या रोपवाटिकांमध्ये कलमाचा म्हणून जो घडीचा चाकू वापरतात, त्याला बहुधा एकाच बाजूने धार असते आणि दुसरी बाजू सपाट असते. त्यामुळे काडीवरचा काप सरळ उतरतो, खुंट आणि काडी एकमेकांना नीट चिकटून बसतात. त्या चाकूने सुतळी किंवा आंबा कापायचा नाही. त्याची धार फक्त कलमासाठी राखायची आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसायचं. रोजच्या कामाचा चाकू त्याच्याशिवाय वेगळा घ्या.

पोलाद: इथे घाई करू नका

निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

साध्या भाषेत, चाकूचं पोलाद दोन जातींचं. एक कार्बनचं, म्हणजे कोयत्या-विळीच्या जातीचं. त्याला धार झटकन लागते, दगडावर फार मेहनत पडत नाही, पण ओलं राहिलं तर तासाभरात तांबूस होतं. दुसरं स्टेनलेस. त्यात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असतं. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पात्यावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर धरतं आणि आतलं लोखंड झाकून ठेवतं. थर ओरखडला तर आपोआप पुन्हा धरतो. गोड्या पाण्यापुरतं हे छान चालतं.

मीठ आलं की गोष्ट बदलते. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी भेदतं आणि तिथे सुईच्या टोकाएवढा खड्डा पडतो. वरून डाग बारीक दिसतो, आत तो खोल जात असतो. म्हणून स्टेनलेस पातंही किनाऱ्यावर गंजतं, आणि सपाट भागावर नव्हे तर जिथे ओल कोंडते तिथून सुरुवात होते. भिंग घेऊन बघा. नख अडकवायची खाच, पात्यावर ठोकलेली अक्षरं, बिजागरीजवळचा कोपरा, या तीन जागी चहाच्या रंगाचे ठिपके पहिल्यांदा उठतात. ते दिसले की समजावं, आता आतही बघायला हवं.

आता नावं. खोक्यावर नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा ४२० किंवा तशाच जातीचं मऊ पोलाद असतं. गंज कमी धरतं, पण धार लवकर जाते. किनाऱ्यावर हा सौदा वाईट नाही, कारण धार दहा मिनिटांत परत आणता येते, खड्डे पडलेलं पातं परत येत नाही. स्विस आर्मी चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचं पोलाद याच विचाराचं आहे: क्रोमियम पंधरा टक्क्यांच्या आसपास, कडकपणा मध्यम. १४सी२८एन हे स्वीडिश पोलाद थोडं वरचं. त्यात १४ टक्के क्रोमियम आणि जरासा नायट्रोजन असतो, धारही जास्त टिकते. थोडे जास्त पैसे खर्चायची तयारी असेल आणि या पोलादाचा चाकू मिळत असेल, तर माझं मत त्यालाच.

डी-२ नावाच्या पोलादाची सध्या बरीच जाहिरात असते. धार खरोखर फार टिकते. पण त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असतो, तो बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून घेतो आणि थर धरायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. कागदावर बारा टक्के दिसतात, आणि पातं मात्र डाग धरतं. कोल्हापुरात घ्या, हर्णेत नको.

जे रोज होडीवर जातात, बंदरावर मासळीत हात घालतात, त्यांच्यासाठी खास समुद्री पोलादंही आहेत: एच-१, एलसी२००एन. यांत कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजन करतो आणि खाऱ्या पाण्यातही ती जवळजवळ गंजत नाहीत. स्पायडरको ही अमेरिकन कंपनी ‘सॉल्ट’ नावाने असे चाकू काढते. महाग आहेत, पण ज्याचा दिवसच मिठात जातो त्याला परवडतात. बाकीच्यांना गरज नाही.

काळा रंग चढवलेली पाती गंजत नाहीत असं दुकानदार सांगतात. थर असतो तोवर पात्याची बाजू वाचते, पण धार तर घासून उघडीच केलेली असते, आणि गंज सर्वांत जास्त नुकसान करतो तो धारेवरच.

कार्बनच्या पोलादाचा मोह असेल तर तोही चूक नाही. कैरी, लिंबू, रातांबा कापत राहिलं की त्यावर निळसर-काळी छटा चढते आणि ती लाल गंजाला काहीशी आवर घालते. मात्र पहिला चाकू हा नको. रोज पुसायची सवय अंगात मुरली की मग घ्या.

लांबी, जाडी, आकार

सात ते साडेआठ सेंटिमीटर. याहून मोठं पातं खिशात टोचतं, चारचौघांत काढलं की लोक बिचकतात. जाडी दोन ते अडीच मिलिमीटर पुरे. जाड पातं मजबूत वाटतं, पण आंब्याची फोड कापण्याऐवजी फाडतं आणि रस हातावर येतो.

टोकाचा विचार कामाप्रमाणे करा. फळं, खोके, गोण्या यांना साधं थोडं टोकदार पातं बरं. होडीवर मात्र टोक नसलेलं, पुढून गोलसर उतरलेलं पातं चांगलं. लाटेने तोल गेला तर ते शेजाऱ्याला किंवा स्वतःच्या मांडीला भोसकत नाही. नायलॉनचे दोर रोज कापावे लागत असतील तर दातेरी धारेचा उपयोग होतो, कारण साधी धार ओल्या दोरावरून सटकते. पण दातेरी धार घरी पाजवणं कटकटीचं आहे आणि फळाची साल तिने निघत नाही. मी तरी साधीच धार घ्यायला सांगेन.

लॉक हवं की नको

काही चाकूंचं पातं फक्त मागच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं, त्याला लॉक नसतं. स्विस आर्मी चाकूची छोटी पाती अशीच असतात. हलक्या कामाला हे सुरक्षित आहे, एकच नियम पाळायचा: टोक खुपसायचं नाही आणि पात्याच्या पाठीवर दाब द्यायचा नाही. नाहीतर पातं बोटांवर मिटतं.

जरा जोराची कामं असतील तर लॉक घ्या. मुठीच्या आतली पट्टी सरकून पात्याच्या मागे बसते ते लायनर लॉक सगळीकडे मिळतं. पाठीवर दाबायचं ते बॅक लॉक. आणि ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या चाकूसारखी कडी फिरवून पातं अडकवण्याची पद्धत, तीही साधी आणि भरवशाची. किनाऱ्यावरची खरी अडचण वाळूची आहे. लायनर लॉकच्या फटीत वाळूचा एक कण बसला तरी पट्टी पूर्ण सरकत नाही, लॉक लागल्यासारखं वाटतं आणि दाब येताच सुटतं. पुळणीवरून आल्यावर पातं उघडून पट्टी पात्यामागे पुरती बसली का ते डोळ्यांनी बघा. नुसत्या आवाजावर विसंबू नका.

खटक्याचा चाकू, म्हणजे बटण दाबलं की पातं उडी मारून बाहेर येतं तो, घेऊ नका. पोलिसांच्या नजरेत तो भांडणाचा चाकू आहे, आणि त्यातली बारीक स्प्रिंग खाऱ्या हवेत लवकर अडकते.

मूठ

लाकडी मूठ दिसायला सुंदर. ओपिनेलची बीच लाकडाची मूठ हातात घेतली की ठेववत नाही. पण आषाढात ते लाकूड ओल पितं, फुगतं आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळतं. मग नखाने पातं ओढलं तरी हलत नाही. ओपिनेलच वापरायचा असेल तर ‘कार्बन’ नको, स्टेनलेसचा, म्हणजे ‘इनॉक्स’ लिहिलेला घ्या आणि पावसाळ्याआधी मुठीच्या आतल्या खोबणीत जवसाचं तेल मुरवून चांगलं वाळवा. अडचण कमी होते, संपत नाही.

फायबरग्लास किंवा नायलॉनची मूठ या हवेला सगळ्यात योग्य. पाणी पीत नाही, फुगत नाही. पृष्ठभाग खरखरीत असावा, कारण मासळीचा बुळबुळीतपणा आणि खोबरेल लागलेला हात, दोन्हीत गुळगुळीत मूठ निसटते. शिंगाची आणि हाडाची मूठ ओल-कोरड सोसताना तडकते.

मुठीची पाठ उघडी असलेला चाकू शक्यतो घ्या. आरपार दिसतं, नळाखाली धरलं की वाळू, खवले, फणसाचा चीक सगळं वाहून जातं. बंद पाठीच्या चाकूत हेच आत कुजत राहतं.

रंग भडक घ्या. नारिंगी, पिवळा, लाल. काळा किंवा हिरवा चाकू भाताच्या खाचरात पडला की गेलाच, आणि होडीच्या तळाशी जाळ्याच्या ढिगात तर शोधायलाही नको. मुठीला भोक असेल तर त्यात नायलॉनची जाड दोरी ओवा. करदोट्याला किल्ली अडकवणारी माणसं आपल्याकडे आहेतच. तसाच चाकू दोरीने कमरेला बांधला की होडीच्या काठावरून वाकलं तरी पाण्यात जात नाही. खिशाला अडकवायची क्लिप मात्र बारकाईने बघा. तिचे स्क्रू बऱ्याचदा पात्यापेक्षा हलक्या लोखंडाचे असतात आणि तेच आधी गंजतात.

दुकानात हातात घेतल्यावर

चाकू उघडा, पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळ जाणवता कामा नये. मिटलेलं असताना वरून बघा: पातं दोन्ही भिंतींच्या मधोमध असावं, एका बाजूला घासत नसावं. लॉक असेल तर लावून पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच टेका, बोटं मात्र मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. मग हात ओला करून पुन्हा उघडून बघा. ओल्या हाताने जो उघडत नाही तो जुलैत कामाचा नाही.

रस्त्यावरच्या गाड्यांवर लाल मुठीचे, पांढऱ्या क्रॉसचे स्वस्त चाकू दिसतात. खऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि ‘स्विस मेड’ स्वच्छ कोरलेलं असतं, आणि प्रत्येक अवजार उघडताना-मिटताना एकसारखा टक्क आवाज येतो. नकलेत कात्री ढिली असते, ती आधी उघडून बघा. आणि वीस अवजारांचा जाडजूड चाकू घेण्याआधी विचार करा: जितकी पाती, तितक्या फटी, आणि तितक्या गंजायच्या जागा. एक मोठं पातं, एक छोटं, डबा उघडायचं आणि बाटलीचं, एवढं असलं की झालं.

कायद्याचं थोडं

शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम पाहिले तर धारदार हत्यारांच्या वर्गात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती, शेती, विज्ञान आणि उद्योग यांसाठीची अवजारं त्यातून वगळली आहेत. आपला सात-आठ सेंटिमीटरचा चाकू या मापाच्या जवळपासही नाही.

पण तेवढ्यावर थांबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हा प्रशासन काही काळापुरता मनाई आदेश काढतं, आणि त्यात चाकू बाळगण्यालाही बंदी असू शकते. शिमगा, गणपती, निवडणुका अशा वेळी हे आदेश निघतात, स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात. आदेश चालू असेल तेव्हा, आणि पालखी, जत्रा, सभा, न्यायालय, सरकारी कचेरी, शाळा अशा ठिकाणी जाताना चाकू घरीच ठेवा. चिपी किंवा मोपाहून विमानाने निघालात तर चाकू सामानाच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत सापडला तर तपासणीतच राहतो.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. संध्याकाळी पातं गोड्या पाण्याखाली धरा, बिजागरीत पाणी जाऊ द्या, दोन-तीनदा उघडझाप करा, झटका, फडक्याने पुसा आणि पातं उघडं ठेवून अर्धा तास पंख्याखाली वाळू द्या. समुद्राचं पाणी लागलं असेल तर हे त्याच दिवशी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

तेल कुठलं? खोबरेल घरात असतं म्हणून सगळे तेच लावतात. पात्यावर पुसायला चालेल. बिजागरीत नको: थंडीत ते गोठतं, पुढे चिकट होतं, वास येतो आणि धूळ धरून बसतं. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन सगळ्यात चांगलं. खायच्या वस्तू कापल्या तरी भीती नाही, आणि एक थेंब बिजागरीत सोडला की महिनाभर बघावं लागत नाही. शिलाई मशीनचं तेलही चालतं, पण त्या चाकूने फळं कापणार नसाल तरच.

फणस कापण्याआधी पात्याला खोबरेल चोपडा, चीक सुटा निघतो. ओल्या काजूच्या बिया फोडल्यात तर चाकू लगेच तेलाने पुसून मग साबणाने धुवा. तो चीक कातडी भाजतो, आणि मुठीवर राहिला तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कोणाचा तरी हात पोळतो.

कातडी म्यान फिरताना वापरा, साठवायला नाही. कातडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत डागाळतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, आणि नेमके त्याच दोन महिन्यांत पेटीत पडून राहिलेले चाकू खराब होतात. ठेवायचाच असेल तर तेलाचा हात फिरवून, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी घालून, बंद पिशवीत ठेवा. मधे एकदा तरी काढून बघा.

धारेसाठी दोन्ही बाजू असलेला एक दगड घ्या, एक बाजू ४०० ग्रिटची म्हणजे भरड दाण्याची, दुसरी १००० ची म्हणजे बारीक दाण्याची. दगड भिजवा, पातं साधारण पंधरा ते वीस अंशांत टेकवा आणि दोन्ही बाजूंनी सारख्याच वेळा हलक्या हाताने फिरवा. दाब वाढवून धार लवकर येत नाही, कोन बदलला की मात्र लगेच जाते. पात्याच्या कडेला काळ्या परमनंट मार्करने रेघ ओढा: शाई जिथून पुसली जाते तिथे दगड लागतो आहे, हे दिसतं. पायरीच्या दगडावर किंवा जांभ्यावर कोयत्यासारखा चाकू घासू नका. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडेही पातळ पातं देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि धारेवर निळसर झाक आली की तिथल्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग ती जागा पुन्हा पुन्हा बोथट होते.

धार आली का हे अंगठ्याने तपासू नका. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरा आणि वरून खाली कापा. न अडकता सरळ गेला तर धार तयार आहे. एका ठिकाणी अडकून फाटला तर पात्याचा तेवढाच भाग पुन्हा १००० च्या बाजूवर घ्या.